विलायतेच्या घराण्याचा हेळवी

“आधी हे सांग, ती मेली तवा तिच्या मागं पोर होतं का नव्हतं?”

“नव्हतं.”

“एकबी?”

“लग्नच केलं नाही तर पोर कुठून येणार, मामा?”

रुद्राप्पा हेळव्याचा तंबाखू मळणारा अंगठा तळहातावर तसाच थांबला. “आणि राज्य किती वर्सं केलं म्हणालीस?”

“चव्वेचाळीस.”

“चव्वेचाळीस सुग्या! बिनलग्नाच्या बाईनं! आणि लोकांनी मानलं?”

“मानलं म्हणजे काय! अजून नाव काढतात तिचं.”

“कुठं लिवलंय? दाव.”

त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं. तरी मी पुस्तक पुढे केलं आणि एलिझाबेथ राणीच्या नावावर बोट ठेवलं. त्याने हात धोतराला पुसला आणि लुगड्याचा पोत बघावा तसं ते नाव दोन बोटांनी चाचपून पाहिलं. मग म्हणाला, “चल पुढं. तिच्या मागनं कोण?”

ही गोष्ट १९३७च्या मे महिन्यातली. मी पंधरा वर्षांची होते, हरळगुंडीच्या आमच्या घराच्या ओट्यावर बसले होते आणि विलायतेच्या राजांनी माझ्या नाकी नऊ आणले होते. संस्थानच्या गावी मावशीकडे राहून मी इंग्रजी शाळेत शिकत होते. वार्षिक परीक्षेत सगळ्या विषयांत पास झाले आणि इंग्लंडच्या इतिहासात आपटले. आपटले तेही साधंसुधं नाही. पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला असं लिहून पुढच्याच ओळीत मी त्यालाच पुन्हा गादीवर बसवलं होतं. आमच्या मास्तरांनी तो पेपर वर्गात वाचून दाखवला आणि विचारलं, “जिनमती पाटील, मग मुकुट ठेवला कुठे?” सगळा वर्ग बाकं बडवून हसला. जूनमध्ये फेरपरीक्षा होती.

पण माझ्या नशिबात तो जून आहे की नाही हाच प्रश्न होता. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी एकटीच. त्यांचे चुलतभाऊ देवगोंडाकाका दोन वर्षं त्यांच्या मागे लागले होते, की पाटलाच्या घराला वारस पाहिजे, माझा धाकटा बाळगोंडा दत्तक घे. आप्पा स्वभावाने मऊ. नाही म्हणायला त्यांना फार वेळ लागायचा आणि तेवढ्यात समोरचा हो धरून मोकळा व्हायचा. तसंच झालं. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त ठरला. त्याच बैठकीत माझंही ठरलं. काकांच्या मेहुण्याची बायको वारली होती आणि त्याला घर सांभाळायला कुणीतरी हवं होतं.

“इंग्रजांचे राजे पाठ हुईनात तिला, आणि शिकवायचं म्हणं!” काका आईसमोरच म्हणाले. “दत्तक झाला की आखाडाच्या आत उरकून टाकू.”

आई चुलीतलं लाकूड उगाच पुढेमागे करत राहिली. मी माडीवर जाऊन रडून घेतलं. मला शाळा आवडत होती. मला खिडकीजवळचं माझं बाक आवडत होतं आणि ते बाक कुणा मेहुण्यासाठी सोडायची माझी तयारी नव्हती. पण मला विचारतो कोण?

रुद्राप्पाला या दत्तकासाठीच मुद्दाम बोलावणं गेलं होतं. हेळवी म्हणजे घराघरांची वंशावळ तोंडपाठ सांगणारा माणूस. आमच्या भागात सुगीनंतर ते गावोगाव फिरतात. रुद्राप्पा दर तिसऱ्या वर्षी यायचा. उजाडताना घंटा वाजायची, दारात नंदीसारखा सजवलेला बैल उभा असायचा आणि बैलावर, हेळव्यांच्या रिवाजाने पायांवर वाकळ पांघरून, रुद्राप्पा. मूळ पुरुष कुठून आला, कुणाच्या पोटी कोण, हे सगळं तो एका दमात म्हणायचा. लेकींची नावं मात्र नसायची. “दोन लेकी, दिल्याघेतल्या,” एवढ्यावर तो लेकींना वाटेला लावायचा. एकदा सूर धरला की म्हणणं पुरं होईपर्यंत तो बैलावरून उतरत नसे, आणि बैलावर बसून म्हटलेलं नाव मागे घेत नसे. घरधन्याने सूपभर जोंधळा बैलापुढे ओतला की ती वंशावळ घराला मान्य. या वेळी त्याने बाळगोंडाचं नाव घ्यायचं, आप्पांनी सूप ओतायचं, की झालं.

मुहूर्ताच्या तीन दिवस आधी तो आला आणि आमच्याच घरी मुक्कामाला राहिला. त्याने मला ओट्यावर डोलत पाठ करताना ऐकलं. “विल्यम, विल्यम, हेन्री, स्टीफन, हेन्री, रिचर्ड, जॉन...”

“कुणाच्या घरची गं ही?” त्याने विचारलं.

“विलायतेच्या राजाच्या.”

“असली कसली म्हणायची तऱ्हा! शेळ्या मोजतीस व्हय? नाव सुटं ठेवलं की हरावतं. प्रत्येक नावाला काहीतरी बांध. सून बांध, न्हाईतर भांडण बांध, न्हाईतर मरण बांध. हां, मूळ पुरुष कोण?”

“विल्यम. नॉर्मंडीहून आला. समुद्र ओलांडून.”

“म्हंजे परगावचा. बरं. पोरं किती?”

आणि अशी आमची शाळा सुरू झाली. मास्तर मी की तो, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. मी पुस्तकातून सांगायची आणि तो ते आपल्या घाटणीत बसवून म्हणून दाखवायचा. “विल्यमच्या पोटी रूफस विल्यम, शिकारीला गेला, बाण लागून मेला, भाऊ हेन्री बसला.” एकदा ऐकलं की त्याच्या तोंडात बसायचं. आठ हेन्रींची मला धास्ती होती. तो उलट हसला. “त्यात काय घाबरायचं? आजाचं नाव नातवाला. तुमच्या घरात नेमगोंडा किती झाले ठाव हाय? तुझा बा पाचवा नेमगोंडा!”

मला इतकं हसू आलं की पुस्तक खाली पडलं. ओट्याच्या टोकाला आप्पा चाबकाला नवी वादी बांधत बसले होते. तेही गालात हसले, पण वर बघितलं नाही.

पहिल्या हेन्रीपाशी आम्ही अडलो. त्याचा एकुलता मुलगा जहाज बुडून मेला आणि मागे राहिली लेक, माटिल्डा. हेन्रीने सगळ्या सरदारांकडून शपथ घेतली, की माझ्यामागे लेकीला मानाल.

“मानलं?” रुद्राप्पा पुढे सरकला.

“नाही. हेन्रीचा भाचा स्टीफन आला आणि त्याने गादी बळकावली.”

“हात्तिच्या! आणि पोरगी गप बसली?”

“छे! अठरा वर्षं लढली. एकदा वेढ्यात सापडली तर पांढरे कपडे घालून बर्फातून चालत निसटली.”

“शाब्बास गं वाघिणी!” त्याने ओट्यावर थाप मारली. त्याचा बैलही दचकला. “मग?”

“मुकुट तिच्या डोक्यावर नाहीच आला. पण स्टीफननंतर तिचा मुलगा बसला. दुसरा हेन्री.”

“म्हंजे गादी शेवटी तिच्याच पोटाकडं आली.” त्याची नजर बैलाकडे गेली. “माझी लेक गंगव्वा तुझ्याच वयाची. पाठांतर असलं, की मी कुठं अडखळलो तर चुलीपासनं पुढचं नाव सांगती.”

“तिला भाऊ नाही?”

“दोन झालते. ऱ्हायले न्हाईत.” आणि लगेच, “चल, पुढं चल.”

पुढे आम्ही धावतच सुटलो. सहा बायकांचा आठवा हेन्री आला तेव्हा तर रुद्राप्पाने मला तीनदा थांबवून प्रत्येक सुनेचं काय झालं ते विचारलं आणि शेवटी म्हणाला, “येवढा आटापिटा पोरासाठी, आणि नाव कुणी राखलं? लेकीनं!” मेरी आणि विल्यम जोडीने बसले तेव्हा त्याला ते फार पटलं. ॲन राणीला सतराएक वेळा दिवस गेले आणि एकही मूल जगलं नाही, हे ऐकून घरातून आईचं “अगं बाई!” ऐकू आलं. तेव्हा मला कळलं, की आई दाराआड उभी राहून सगळं ऐकतेय.

“मग जर्मनीहून जॉर्जला बोलावलं. त्याला इंग्रजी धड येत नव्हतं.”

“पहिला परगावचा, हा परगावचा. मग ह्यात इंग्रज कोण गं?” रुद्राप्पाने विचारलं. आता आप्पा चक्क मोठ्याने हसले. मी त्यांना असं हसताना वर्षभरात पाहिलं नव्हतं.

त्या तीन दिवसांत मला दत्तकाचा विसर पडला असं नाही. रोज सकाळी उठलं की आधी तेच आठवायचं. पण ओट्यावर बसलं की ते कुठल्या कुठे जायचं. पहिला चार्ल्स आता माझ्या डोक्यात मान कापलेलाच राहिला, त्याच्या मागनं मुलगा दुसरा चार्ल्स आला, आणि दोघांची पुन्हा कधी गल्लत झाली नाही.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे बारा मेला, तिकडे लंडनला राज्याभिषेक होता आणि त्याची मिरवणूक संस्थानच्या गावीही निघणार होती. देवगोंडाकाका पहाटेच नवा गुलाबी फेटा बांधून निघाले. “सरकारी काम हाय, पुढं असावं लागतं,” म्हणत त्यांनी आमच्याकडूनच अत्तर मागून घेतलं. इकडे आम्ही व्हिक्टोरियाची त्रेसष्ट वर्षं ओलांडून शेवटाकडे आलो होतो.

“आठवा एडवर्ड. त्याने एका बाईपायी गादीच सोडली. डिसेंबरात. आता त्याचा धाकटा भाऊ, सहावा जॉर्ज. आजच मुकुट घालतायत त्याला. संपली वंशावळ.”

“संपली कशी? वंशावळ संपत नसती.” रुद्राप्पाने त्या राजाबद्दल एकच प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं. तो खो खो हसायला लागला, इतका की त्याला ठसका लागला.

“काय झालं, मामा?”

“काय न्हाई. उद्या बैलाची शिंगं तू रंगव. लाल.”

दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया. आम्हा जैनांच्या घरी या दिवशी उसाच्या रसाचा मान, पण माझा पेला तसाच राहिला. उजाडताना सगळे भाऊबंद आमच्या अंगणात जमले. देवगोंडाकाका कालच्याच फेट्यात होते. शेजारी नवा सदरा घातलेला बाळगोंडा आपल्या आईचा पदर गच्च धरून मुसमुसत होता. आठ वर्षांचं पोर ते, त्याला आपलं घर सोडायचं नव्हतं. आप्पा जोंधळ्याचं सूप घेऊन दारात उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. मी खांबामागे उभी होते.

घंटा वाजली. रुद्राप्पा बैलावरून दारात आला, लाल शिंगं हलली आणि त्याने सूर धरला. मूळ पुरुष सातगोंडा, कृष्णेच्या काठावरून आला, दोन बैल आणि एक कुत्रं घेऊन आला. सातगोंडाच्या पोटी नेमगोंडा. नेमगोंडाच्या पोटी आदगोंडा, विहीर पाडली, पाणी गोड लागलं. एकेक पिढी सरसर खाली येत होती. आजोबा झाले. पाचवा नेमगोंडा, म्हणजे आप्पा, झाले. काकांनी बाळगोंडाला पदरातून सोडवून पुढे ढकललं.

“पाचव्या नेमगोंडाच्या पोटी,” रुद्राप्पाने दम घेतला, “लेक जिनमती. गादी तिची. घर तिचं.”

काका एकदम ओरडले, “आरं ए, डोकं फिरलं का तुझं? बाळगोंडा म्हण, बाळगोंडा!”

“बैलावरनं म्हणालोय, मालक. आता माघारी येत न्हाई.”

“पोरीचं नाव कुठं वंशावळीत असतंय?”

“विलायतेच्या हाय. तीन दिस तेच म्हणतोय. मेरी बसली, एलिझाबेथ बसली, ॲन बसली, व्हिक्टोरिया तर तुमच्या बापाच्या जन्माच्या आधीपासनं बसलीती.”

“इंग्रजाचा दाखला आम्हाला कशाला?” काकांचा आवाज चिरकला. “तो त्याच्या घरचा राजा!”

“मग काल कुणाच्या मिरवणुकीत पुढं हुता, मालक? फेटाबी तोच दिसतोय.”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. हसू अंगणभर पसरलं. काका लालबुंद होऊन बैलाकडे धावले, पण रुद्राप्पा आता त्यांच्याकडे बघतच नव्हता. तो आप्पांकडे बघत होता.

“पाटील, एकच सांगतो. काल ज्याच्या डोक्यावर मुकुट घातला, त्याला पोरगा न्हाई. दोन लेकीच हायत. येवढं राज्य, सूर्य मावळत न्हाई म्हणत्यात. त्यानं भावाचा पोरगा दत्तक घेटला?”

आप्पांनी मान वळवून खांबाकडे पाहिलं. “जिनमती, ये हिकडं. हे खरं हाय?”

मी पुढे आले. “हो, आप्पा. दोन मुलीच. एलिझाबेथ आणि मार्गारेट.”

“थोरली किती वर्सांची?”

“अकरा.”

“म्हंजे तुझ्याहून ल्हानच.” आप्पा हातातल्या सुपाकडे बघत राहिले. मला आजही ते सूप दिसतं. काठावरचे दाणे एकेक करून खाली पडत होते. देवगोंडाकाका म्हणाले, “नेम्या, इचार कर, भाऊबंद काय म्हणतील?” आप्पांना नाही म्हणायला वेळ लागायचा हे मी सांगितलंच आहे. त्या दिवशी त्यांनी नाही म्हटलंच नाही. त्यांनी नुसतं सूप उलटं केलं. सगळा जोंधळा बैलाच्या पुढ्यात ओतला गेला.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण आई सांगायची की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. बाळगोंडा आपल्या आईच्या कडेवर उडी मारून बसला. त्या अंगणात माझ्याखालोखाल खूश तोच होता.

दुपारी रुद्राप्पा निघाला तेव्हा मी वेशीपर्यंत गेले. “मामा, खरं सांगा. विलायतेची वंशावळ तोंडात बसली म्हणून जीभ घसरली ना?”

“चारशे घरं हायत माझ्या जिभेवर,” तो म्हणाला. “घसरली असती तर बैल कवाच इकला असता.”

“मग माझ्यासाठी एवढं केलंत? काकांनी पुढच्या वेळी दारात उभं केलं नाही तर?”

वाकळ नीट करत तो म्हणाला, “तू आपली परीक्षा दे. मान कापलेल्याला परत बसवू नको.”

मेहुण्याचं स्थळ त्या सुपाबरोबरच मोडलं आणि जूनमध्ये मी पास झाले. मॅट्रिक झाले, पुढे पुण्याला जाऊन शिकले आणि परत येऊन गावात मुलींची शाळा काढली. आप्पा गेल्यावर घर माझं झालं. वंशावळीत होतंच, कागदावरही आलं. रुद्राप्पा दर तिसऱ्या वर्षी येत राहिला आणि दारात माझं नाव घेत राहिला. मग एकदा तो आलाच नाही. दुसऱ्या खेपेलाही नाही.

१९५२च्या फेब्रुवारीत सहावा जॉर्ज वारला आणि थोरली लेक गादीवर बसली, असं पेपरात वाचलं. देश आता आपला होता, त्या राणीशी आपलं काही देणंघेणं नव्हतं, तरी मी ती बातमी दोनदा वाचली. त्याच आठवड्यात, खळी चालू असताना, उजाडायला घंटा वाजली. मी धावत दार उघडलं. लाल शिंगांचा बैल उभा होता. त्याच्यावर पायांवर तीच वाकळ पांघरून एक बाई बसली होती. माझ्याच वयाची.

तिच्या मागे निम्मं गाव गोळा झालं होतं. “बाई कवा बैलावर बसती व्हय?” “वंशावळ बाटली की!” कुणी शिट्टी मारली. ती कुणाकडे बघत नव्हती. तिने सूर धरला, आणि सातगोंडापासून आप्पांपर्यंत एक नाव न चुकता खाली आली. “पाचव्या नेमगोंडाच्या पोटी लेक जिनमती,” ती म्हणाली आणि थांबली.

“तुम्ही गंगव्वा,” मी म्हणाले.

“व्हय. बा गेला. जाताना म्हणाला, बैल तुझा. पर पयलं दार हरळगुंडीच्या पाटलांचं घे. तिथं जिनमतीला एकच इचार.” ती बैलावरून माझ्याकडे वाकली. “लोकांनी मानलं का, म्हणून इचार.”

तेव्हा मला त्या तीन दिवसांतला त्याचा एकेक प्रश्न आठवला. बर्फातून चालत गेलेली माटिल्डा, ओट्यावरची ती थाप, “मानलं?” म्हणत पुढे सरकणारा तो. मला वाटलं होतं तो माझ्या राजांबद्दल विचारतोय. मी आत गेले, घरातलं सगळ्यात मोठं सूप काढलं, काठोकाठ भरलं आणि सगळ्या गावासमोर बैलापुढे ओतलं.

गंगव्वाने डोळे पुसले नाहीत. घंटा वाजवली आणि बैल शेजारच्या दाराकडे वळवला. ते दार देवगोंडाकाकांचं होतं. मी रिकामं सूप हातात धरून तिच्या मागोमाग निघाले.

दारात तेवीस वर्षांचा बाळगोंडा भरलेलं सूप घेऊन आधीच उभा होता.